तेल आटत नाही, बाय

बाय,

काल रात्री फोन उचलताच कळलं, की बोट घेतल्याचा आनंद आणि बोट घेतल्याची धास्ती हे दोन्ही एकदमच तुझ्या घशाशी आलंय. "ताई, बोट एका अंगावर कलते, डावं बटण दाबलं की उजवी पट्टी हलते, आणि टाकीत तेल अर्धंच दिसतंय. ह्यांनी दुकानातून बाटली आणलीय, ओतू का?" एका दमात विचारलंस. मी म्हटलं, आज काहीही ओतू नकोस, उद्या बसून नीट लिहिते. तर आता चहाचा कप घे आणि वाच.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की बसव. त्या हलणाऱ्या पट्ट्यांचं, म्हणजे ट्रिम टॅबचं, तेल आटत नाही. पेट्रोल जळतं, इंजिन ऑइलही थोडंफार जळतं, पण हे तेल कुठेच खर्ची पडत नाही. टाकीतून निघतं, बारक्या नळीतून मागच्या सिलिंडरात जातं आणि त्याच वाटेने परत येतं. वर्षानुवर्षं तेच तेल, तीच वाट. तेव्हा टाकी अर्धी दिसली तर दोनच गोष्टी असू शकतात. एक, पट्ट्या खाली सोडलेल्या आहेत आणि उरलेलं तेल सिलिंडरात बसलंय, म्हणजे बिघाड काहीच नाही. दुसरी, तेल कुठून तरी बाहेर गेलंय. आणि वरून बाटली ओतणं हा या दोन्हींवरचा उपाय नाही.

तुला आठवतं, मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना होडी एका बाजूला झुकली की होडीवाला म्हणायचा, "वायच थंय सरका"? आपण दोघी लगेच पलीकडच्या फळीवर सरकायचो आणि होडी सरळ व्हायची. ट्रिम टॅब तेच काम करतो, फक्त माणसं हलवायच्या ऐवजी पाण्याला हाताशी धरून. बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीला, म्हणजे ट्रान्समला, खालच्या कडेला बिजागरीवर दोन स्टीलच्या पट्ट्या असतात. उजवी पट्टी खाली केली की मागून सुटणारं पाणी तिच्यावर आपटतं आणि बोटीची उजवी मागची बाजू वर उचलली जाते. मागची उजवी उचलली की पुढची डावी खाली बसते. म्हणून कित्येक बोटींत डाव्या बटणावर 'नाळ खाली', म्हणजे बोटीचं पुढचं टोक खाली, असं चित्र असतं आणि ते दाबलं की उजवी पट्टी हलते. तुझ्या तारा उलटसुलट जोडलेल्या नाहीत गं. बटण नाळेची भाषा बोलतंय आणि तू मागे पट्टी बघतेयस. एवढ्यासाठी आधीच्या मालकाला फोन करून भांडू नकोस.

आणि कलण्याचा सगळा दोष पट्टीवर टाकण्याआधी बर्फाचा मोठा कूलर कुठे ठेवलाय, सासूबाई कुठे बसल्या होत्या, वारा कुठल्या बाजूचा होता, हे आठव. खोल 'व्ही' आकाराच्या तळाची बोट वेगात असताना वाऱ्याच्या दिशेला अंग टाकते, तो तिचा स्वभावच आहे.

आता बिघाड शोधायचा, तर आधी कान लाव. एकजण बटणापाशी, एकजण मागे. मागच्याची बोटं पट्टीपासून लांब, हे तीनदा सांग. बटण दाबल्यावर काहीच आवाज नाही, तर गोष्ट विजेची आहे, तेलाची नाही. फ्यूज बघ, माझ्या पंपाला २० अँपिअरचा आहे, तुझ्या पंपावर जो आकडा छापला असेल तोच घाल, त्याहून मोठा मुळीच नको. मग पंपापाशी येणाऱ्या तारांची टोकं बघ. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवी बुरशीसारखी पूड धरते. ती घासून काढली आणि निगेटिव्हचा जोड घट्ट केला की निम्म्या बोटी बऱ्या होतात, हे मी अनुभवाने सांगते.

मोटर गुरगुरते पण पट्टी ढिम्म हलत नाही, तर तेल कमी असेल, झडप उघडत नसेल, नाहीतर पट्टीच जाम असेल. एकच बाजू चालत नसेल तर एक सोपी युक्ती आहे. पंपावर दोन झडपा असतात, डाव्या बाजूची एक आणि उजव्या बाजूची एक. दोन्ही विजेवर उघडतात. त्यांच्या तारांची आपसात अदलाबदल करायची आणि पुन्हा बटण दाबायचं. बिघाड दुसऱ्या बाजूला गेला तर दोष बटणात किंवा तारेत. बिघाड होता तिथेच राहिला तर दोष त्या बाजूच्या झडपेत, नळीत किंवा सिलिंडरात. पाच मिनिटांचं काम, आणि याच पाच मिनिटांसाठी एका कारागिराने माझ्याकडून दोन तासांची मजुरी घेतली होती. तू ती देऊ नयेस म्हणून सांगते.

तुझी बोट ट्रेलरवर अंगणातच उभी आहे, हे फार बरं झालं. पाण्यात असती तर अर्ध्या गोष्टी दिसल्याच नसत्या. शनिवारी संध्याकाळी एवढं कर. पट्ट्या पूर्ण वर घे. मागचं झाकण उघड, पंपाच्या टाकीमागे टॉर्च धर. टाकीचं प्लास्टिक अर्धपारदर्शक असतं, टॉर्च लावला की तेल लख्ख दिसतं. आईच्या बरणीतलं कोकमाचं आगळ उन्हात धरल्यावर दिसायचं ना, अगदी तसा लाल रंग. टाकीवर 'फुल'ची रेघ आहे ती शोध. तेलाची पातळी मोजायची ती पट्ट्या वर असतानाच, कारण तेव्हाच सगळं तेल घरी परत आलेलं असतं. काल तू बघितलंस तेव्हा पट्ट्या खाली होत्या का वर, हे तुला सांगता आलं नाही. तिथेच मी थांबले.

पातळी बघितलीस की दोन्ही पट्ट्या पूर्ण खाली सोड. आता टाकीतली पातळी उतरलेली दिसेल, तिथे मार्करने बारीक रेघ मार. ट्रान्समखाली जमिनीवर पांढरा पुठ्ठा पसर. पंपाखाली आणि नळीच्या प्रत्येक जोडाखाली पांढरा टिश्यू पेपर ठेव. मग जा, जेव, झोप.

सकाळी रेघ बघ. पातळी रेघेच्या खाली गेली असेल तर तेल बाहेर पडतंय, आणि लाल डाग तुला जागा दाखवेल. टिश्यूवर असेल तर नळीचा जोड किंवा पंपाचं सील. पुठ्ठ्यावर असेल तर सिलिंडर, किंवा ट्रान्सममधून नळी बाहेर येते तिथली रबरी रिंग. आणि पातळी रेघेच्या वर आली असेल, सोबत एखादी पट्टीही आपोआप वर चढली असेल, तर बाहेर काहीच गळत नाही. झडप नीट बंद होत नाही, म्हणून तेल गुपचूप टाकीत परत येतंय. बहुतेक वेळा झडपेच्या तोंडाशी बारीक कचरा अडकलेला असतो. चालत्या बोटीत ही खोड जास्त जाणवते, कारण तिथे पाणीच पट्टीला वर ढकलत असतं. तू नाळ खाली करतेस आणि दहा मिनिटांत ती पुन्हा वर. पातळी जागच्या जागी असेल तर देवाला साखर ठेव, पट्ट्या वर घे आणि तेव्हा कमी दिसेल तेवढंच तेल 'फुल'च्या रेघेपर्यंत भर.

बघ, तेल खाली गेलं तर एक रोग आणि वर आलं तर दुसरा. बाटली आधीच ओतली असतीस तर ही खूणच पुसली गेली असती.

आता बाटलीबद्दल. तुझ्या नवऱ्याने आणलीय ती हायड्रॉलिक स्टिअरिंगची आहे, फोटोत लेबल वाचलं मी. त्याची चूक नाही. बोटीवर तीन-तीन हायड्रॉलिक घरं असू शकतात आणि तिन्हींचं तेल वेगळं. एक सुकाणूचं, एक इंजिन वर-खाली करायचं, त्यालाही लोक 'ट्रिम'च म्हणतात, आणि एक हे पट्ट्यांचं. तुझा पंप ज्या जातीचा आहे त्याला ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल लागतं, ए.टी.एफ., डेक्सरॉन थ्री किंवा मर्कॉन दर्जाचं. जनरल मोटर्सने डेक्सरॉन थ्रीचे परवाने २००६च्या अखेरीस थांबवले, म्हणून आता बाटलीवर 'डेक्सरॉन थ्रीच्या जागी चालेल' अशा अर्थाचं लिहिलेलं असतं, ते चालतं. गाड्यांच्या कुठल्याही दुकानात मिळतं. लहान बोटीला एक क्वार्टची, म्हणजे लिटराहून थोडी कमी, बाटली पुरून उरते. तरी पंपावरचा स्टिकर आणि त्याची पुस्तिका आधी वाच. ताईचा शब्द त्यानंतर. ब्रेकचं तेल मात्र जन्मात घालू नकोस. त्याने या पंपातल्या रबरी रिंगा फुगतात, मऊ पडतात, आणि मग सगळं यंत्र उघडावं लागतं.

या लाल तेलाची एक गोष्ट मला कळली तेव्हा मी रात्रभर अस्वस्थ होते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या तेलात स्पर्म व्हेलचं तेल मिसळत असत, गिअर सुरळीत बदलावेत म्हणून. देवमासा मारून गाडी चालवायची. त्या जिवांना कायद्याचं संरक्षण मिळालं तेव्हा कंपन्यांना दुसरे पर्याय शोधावे लागले. आज लाल असतो तो फक्त रंग, इंजिनच्या तेलापासून वेगळं ओळखू यावं म्हणून घातलेला. पण तेव्हापासून हे तेल पाण्यात सांडलं की मला जास्त लागतं.

आणि माझ्या हातून ते सांडलंय, बाय. तुला कधी सांगितलं नाही.

चार वर्षं झाली. मे महिना होता, बोट नुकतीच पाण्यात सोडलेली, आमच्या ॲनापोलिसजवळच्या खाडीत. मी टाकी बघितली, अर्धी दिसली, काठोकाठ भरली. पट्ट्या खाली होत्या हे माझ्या ध्यानातच आलं नाही. रात्री पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटण दाबून पट्ट्या वर घेतल्या आणि सिलिंडरातलं सगळं तेल परत आलं. टाकीत जागाच नव्हती. झाकणातून ते बाहेर वाहिलं, तळात साठलेल्या पावसाच्या पाण्यात उतरलं, आणि पाणी उपसणारा पंप आपणहून सुरू झाला. मी धावत जाऊन पॅनलवरचं त्याचं बटण बंद केलं. तो थांबेना! त्याचा फ्लोट, म्हणजे पाणी वाढलं की पंप सुरू करणारा तरंगता स्विच, थेट बॅटरीला जोडलेला असतो, कोणी बोटीवर नसतानाही बोट बुडू नये म्हणून. फ्यूज उपटेपर्यंत अर्धं मिनिट गेलं असेल. धक्क्याच्या खांबाभोवती पाण्यावर मोरपिसासारखे रंग पसरले. निळा, जांभळा, सोनेरी. इतकं सुंदर आणि इतकं वाईट मी एकत्र कधी बघितलं नव्हतं.

मी भांडी घासायचं लिक्विड आणायला वळले. शेजारच्या बोटीवर खेकडे पकडणारे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी माझं मनगट धरलं. साबणाने रंग दिसेनासे होतात, पण तेल जात नाही. ते फुटून पाण्यात मिसळतं, कालवांपर्यंत पोचतं, नंतर ते कोणालाच काढता येत नाही. आणि परवानगीशिवाय असा साबण टाकणं इथे कायद्याने गुन्हाच आहे. त्यांनी आपल्याकडचे तेल शोषणारे पांढरे पॅड पाण्यावर पसरले, आम्ही दोघांनी काठीने ते तवंगावरून ओढत नेले, आणि मग मी फोन केला. २६ फूट आणि त्याहून लांब बोटीवर इथे तेलबंदीची पाटी लावावीच लागते, तिच्यावर तेल सांडल्याची खबर घेणाऱ्या नॅशनल रिस्पॉन्स सेंटरचा नंबर छापलेला असतो. माझा हात थरथरत होता. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, किती सांडलं, कुठे, काय केलंत. मी सगळं खरं सांगितलं. ज्या पाण्यातल्या कुर्ल्या आपण उन्हाळ्यात इतक्या आवडीने खातो, त्या पाण्याशी खोटं बोलवेना.

तुझी बोट २४ फुटांची आहे, पाटी सक्तीची नाही. तरी लाव.

म्हणून तेल भरताना हे असं कर. गळती नसेल, किंवा सापडून दुरुस्त झाली असेल तरच. पट्ट्या पूर्ण वर. तळ कोरडा पुसून घे. पाणी उपसणाऱ्या पंपाचा फ्यूज काढ, आणि काढलास की लगेच चिकटपट्टीवर 'फ्यूज!' लिहून ती बोटीच्या किल्लीला गुंडाळ. तो परत न लावता पाण्यात गेलीस तर मला इथे झोप लागणार नाही. पंपाखाली शोषक पॅड. झाकणाभोवतीची धूळ आधी फडक्याने पूस, कारण तीच आत पडून उद्या झडपेत अडकते. ती जागा अवघड असते, अर्धं अंग झाकणात घालून काम करावं लागतं. बाटली थेट धरायला जाऊ नकोस, लांब नळीचं नरसाळं किंवा मोठी सिरिंज घे. रेघेच्या थोडं खालपर्यंतच भर. मग पट्ट्या खाली-वर, खाली-वर, चार-पाच वेळा, दर वेळी बटण टोकापर्यंत दाबून. आत हवा असेल तर या फेऱ्यांत ती टाकीत बुडबुडे होऊन निघते, या पंपांना वेगळी हवा काढावी लागत नाही. मधेमधे मोटरला श्वास घेऊ दे, ती सतत चालायला बनवलेली नाही. शेवटी पट्ट्या वर घेऊन पुन्हा पातळी बघ आणि रेघेपर्यंत आण. रेघ म्हणजे रेघ.

टॉर्चमध्ये तेल आगळासारखं न दिसता सोलकढीसारखं दुधट गुलाबी दिसलं, तर आत पाणी शिरलंय. बहुधा सिलिंडरच्या दांड्यावरचं सील झिजलंय आणि समुद्र आत येतोय. नुसती टाकी रिकामी करून नवं तेल भरलंस तर दोन दिवसांत पुन्हा सोलकढी. कारण सिलिंडर आणि नळीतलं जुनं तेल एकाच वाटेने ये-जा करतं, ते आपोआप बदलत नाही. आधी सील बदल, मग टाकी रिकामी कर, भर, पट्ट्या खाली-वर कर, पुन्हा रिकामी कर, असं रंग स्वच्छ लाल येईपर्यंत. काढलेलं तेल झाकणाच्या डब्यात साठव आणि जिथे वापरलेलं इंजिन ऑइल घेतात तिथे नेऊन दे.

सील झिजतं कशाने, तर बहुतेक वेळा आपल्याच विसराळूपणाने. पट्ट्या खाली ठेवून बोट पाण्यात उभी राहिली की सिलिंडरचा गुळगुळीत दांडा बाहेर उघडा पडतो आणि त्यावर बार्नेकल धरतात. इथे चेसापीकच्या खाडीत ते उन्हाळ्यात, तुमच्या फ्लोरिडाच्या कोमट पाण्यात तर बारा महिने. मग एक दिवस तू बटण दाबतेस आणि ती धारदार कवचं सीलमधून ओढली जातात. म्हणून बोट बांधली की पट्ट्या वर, हे हात धुण्यासारखं अंगवळणी पाड. आणि गंज स्वतःवर ओढून घेणारा ट्रान्समवरचा झिंकचा तुकडा अर्धा झिजला की बदल.

आणि दुरुस्ती होईपर्यंत बाहेर जायचं का, हे तू विचारलंस. पट्टी वर अडकली असेल तर जा, थोडे धक्के बसतील एवढंच. एक पट्टी खाली अडकली असेल तर जाऊ नकोस. खाडीच्या तोंडाशी मागून लाट येते तेव्हा नाळ आधीच खाली रोवलेली असली तर बोट हातातून फिरते. पोरं बरोबर असतात तुझ्या. तो रविवार घरी काढा.

नवऱ्याने आणलेली बाटली परत करून ये, पावती असेलच. शनिवारी रात्री रेघ मारलीस की टॉर्च लावून फोटो पाठव, आणि रविवारी सकाळी दुसरा. पुठ्ठ्यावर डाग दिसला तर त्याच्या शेजारी एक नाणं ठेवून फोटो काढ, म्हणजे मला डाग केवढा आहे ते कळेल. मी सहालाच उठलेली असते.

तुझी ताई